पंप कोरडा चालवू नये

सोपानभाऊंच्या खुर्चीला मागून धरायला दांडी नव्हती. मुळात होती. दवाखान्यातून घरी येताना मिळालेल्या चाकांच्या खुर्चीला दोन चांगल्या रबरी मुठी होत्या, त्या भाऊंनी आठ दिवसांच्या आत करवतीने कापून टाकल्या. पुढे ती खुर्चीही त्यांना पसंत पडेना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक तयार केली. सायकलची दोन चाकं, जळक्या मोटारींमधली बेअरिंगं, भंगारातल्या जीपचं सीट आणि वेल्डिंग केलेला पाइपाचा सांगाडा. तिला दांडी लावायचा प्रश्नच आला नाही.

हे मला ठाऊक नव्हतं. माझी कळंबच्या हायस्कूलमध्ये नुकतीच बदली झाली होती. शाळेची पाण्याची मोटार जळाली आणि नव्या शिक्षकाच्या गळ्यात सगळी कामं पडतात तसं ते काम माझ्या गळ्यात पडलं. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला भाऊंचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं, मागे लागूनच घर. मी पोचलो तेव्हा भाऊ दुकानाच्या उंबऱ्याशी खुर्ची घेऊन वर चढायच्या बेतात होते. मी आपला संस्कारी माणूस. धावत मागे गेलो, हात घालायला पाहिलं तर धरायला काही नाही. मग सीटच्या पाठीलाच धरून जोर लावला. भाऊंनी दोन्ही चाकं हातांनी घट्ट आवळली. खुर्ची जागची हलेना.

"कोण हाय?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"मी हायस्कूलमधला नवीन शिक्षक."

"आसं व्हय. सर, उद्या मी तुमच्या शाळंत येतो. तुमी वर्गात शिरायला लागला की खांद्याला धरून तुमाला ढकलत फळ्यापातूर नेतो. चालंल का?"

मी हात काढून घेतले. भाऊंनी चाकं किंचित मागे घेतली, पुढची लहान चाकं हवेत उचलली आणि एका हिसक्यात उंबरा ओलांडून आत गेले. आत जाऊन वळले आणि हसले. "आधी इचारायचं, मंग हात लावायचा. मोटारीला बी आन माणसाला बी. बसा राव. च्या घ्या."

चहा दोघांनी घेतला. भाऊंना चहा तासातासाला लागायचा, आणि चहाच्या आधी तांब्याभर पाणी. दुकानात बसल्या जागी हा माणूस पाण्याला आणि चहाला कधी नाही म्हणाला नाही, एवढं वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं. माझ्या काही ते ध्यानात राहिलं नाही.

दुकानात वॉर्निशचा उग्र वास भरलेला असे. भिंतीवर लाल रंगात भाऊंच्या हाताने लिहिलेली एकच पाटी होती: पंप कोरडा चालवू नये. खाली देवाचा फोटो. गिऱ्हाइकाने आधी पाटी वाचायची आणि मग फोटोला नमस्कार करायचा, अशी त्यांची अपेक्षा होती. भाऊ एकटेच काम करत. तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना ते कोणाशी बोलत नसत. एकदा आमदारांचा माणूस आला, नमस्कार चमत्कार करत बसला, भाऊंनी मान वर केली नाही. मोजणी संपल्यावर म्हणाले, "आता बोला. मघाशी बोललो आस्तो तर पयल्यापास्नं उलगडाया लागलं आस्तं."

मोटार दुरुस्त झाली की ती चालू करून तिच्या अंगाला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावायचं, दांडा कानाला लावायचा आणि डोळे मिटायचे. अर्धा मिनिट. मग निकाल. "बरी हाय" किंवा "कुरकुरती". ती आणणाऱ्या माणसाविषयीचा निकालही त्याच वेळी मिळे. येडगावचा एक शेतकरी एकाच उन्हाळ्यात तिसऱ्यांदा जळकी मोटार घेऊन आला आणि कंपनीला शिव्या द्यायला लागला, ते मला चांगलं आठवतं. धरणाचं पाणी उन्हाळ्यात मागे सरकतं. पंपाच्या पाइपाचं तोंड उघडं पडतं, आणि पंप पाण्याऐवजी नुसती हवा ओढत फिरत राहतो.

"मोटार जळत न्हाई, पावणं," भाऊ म्हणाले. "मोटार जाळत्यात. तुमी बटन दाबून लगनाला गेला. ती बिचारी दिसभर कोरडी फिरली. तिला तहान लागती, पर तिला बोलता येतंय का?"

"मंग मी काय करायचं?"

"पाणी हाय का बघायचं. दुसरं काय."

पाहुणे ओशाळले. भाऊंनी मोटार करून दिली आणि वर त्यांना जेवायला बसवलं. त्यांच्या बोलण्याला धार होती, पण ती धार लागलेला माणूस सहसा जेवूनच बाहेर पडायचा.

आता पायांचं सांगायला हवं. भाऊ स्वतः कधी सांगत नसत, पण कळंबात सगळ्यांना माहीत होतं. निरगुडसरला त्यांची थोरली बहीण दिलेली, ताराआक्का. आई लहानपणीच गेली, भाऊंना आक्कानेच वाढवलं. लग्न होऊन सासरी गेली तेव्हा भाऊ तिच्या बैलगाडीमागे वेशीच्या पार पुढे रडत गेले होते म्हणतात. त्र्याण्णव साल असेल. आक्काच्या विहिरीतली मोटार बिघडली. भाऊ ती काढायला गेले. विहिरीच्या आतल्या दगडी टप्प्यावर उभं राहून ते खालून मोटार सांभाळत होते आणि वर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, दोर धरून होते. दोर सुटला. मोटार हिसडून भाऊंच्या अंगावर आली आणि भाऊ खालच्या खडकावर पडले. जीव वाचला. पायांतला जोर गेला तो गेलाच.

हे सगळं ऐकलेलं. पाहिलं ते पुढचं. भाऊंनी स्कूटरला मागे दोन जादा चाकं जोडून घेतली होती आणि तिचा सगळा कारभार हातांवर आणला होता. एका भाऊबीजेला ते म्हणाले, "सर, येता का निरगुडसरला? आक्काकडं जायचंय." मी मागे बसलो.

अंगणात स्कूटर थांबली. भाऊ उतरले नाहीत. खुर्ची मागे बांधलेली होती, ती सोडली नाही. आक्काने स्कूटरवरच त्यांना ओवाळलं. भाऊंनी ओवाळणी टाकली, तिच्या हातावर डोकं टेकलं, गप्पा मारल्या, हसले. मग आक्का पाण्याचा तांब्या घेऊन आली. भाऊंनी त्यात दोन बोटं बुडवली, ओठांना लावली आणि तांब्या परत दिला. लाडू घेतला तो रुमालात बांधून. पंधरा मिनिटांत आम्ही निघालो. दाजी कुठे दिसले नाहीत.

निघताना माझी पिशवी ओट्यावर राहिली म्हणून मी परत गेलो तर आक्का चुलीपाशी बसून पदराने डोळे पुसत होती.

"सर, तुमी शिकलेली मानसं. तुमी तरी त्याला सांगा," ती म्हणाली. "इतकी वर्सं झाली, ह्या घरचं पाणी पीत न्हाई त्यो. घरात पाणी त्याच इहिरीचं येतं ना. पाय गेलं त्याचं त्या इहिरीत, त्याचं तरी काय चुकलं? पर मी दुसरी इहीर कुठनं आणू?"

आमच्या भागात एखाद्या घरचं पाणी न पिणं म्हणजे काय, हे सांगायला नको. भांडण झालं, वाटण्या झाल्या, कोर्टकचेऱ्या झाल्या तरी दारात आलेला माणूस पाणी पितो. पाणी नाकारलं की सगळं संपलं. आक्काने एका वर्षी मंचरहून सीलबंद बाटली मागवून ठेवली होती. बाजारचं पाणी, विहिरीचा थेंब नाही. भाऊंनी तीही उघडली नाही. तेव्हा आक्काने मनाशी ठरवून टाकलं की भावाचा राग विहिरीवर नाही, घरावर आहे. दाजींनी तर केव्हाच ठरवलं होतं. स्कूटरचा आवाज आला की ते रानात निघून जायचे.

मी भाऊंना सांगितलं का? नाही. त्यांच्या दुःखात आपण कशाला हात घालायचा, असं वाटलं. आधी विचारायचं, हे त्यांनीच शिकवलेलं, आणि मला विचारायचं धाडस झालं नाही. शिवाय मला वाटे की आक्का म्हणते ते खरंच आहे. लग्नकार्यातही भाऊ जायचे, आहेर करायचे, मांडवात पहिल्या रांगेला बसायचे, आणि पाण्याचा घोटही न घेता घरी यायचे. लोक म्हणत, सोपान लई ताठ झालाय. पाय गेले आणि ताठा आला. मीही एकदोनदा मान डोलावली असेल. आज त्याची लाज वाटते.

अशी चौदा वर्षं गेली. भाऊंची मुलगी मनीषा शिकून अमेरिकेला गेली, तिथेच संसाराला लागली. तिच्या बाळंतपणाला वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, पुढे गेल्या. नातू झाला. मनीषाने हट्ट धरला की बाबांनी आलंच पाहिजे, आणि तिने विमानातल्या पुढच्या, महागड्या वर्गाचं तिकीट काढलं. फोनवर मला म्हणाली, "काका, मागच्या सीटवर बाबांना सरकायला जागाच नाही. सोळा तास ते बसणार कसे? पुढं सीट आडवी होते. तुम्ही तुमच्या मुलाकडं येणारच आहात, तर त्याच विमानानं या." म्हणजे भाऊ पुढे गादीवर आणि मी मागे, दोन दणकट माणसांच्या मध्ये. मास्तरांना असंच असतं.

मुंबईच्या विमानतळावर त्यांची खुर्ची सामानात द्यावी लागली. भाऊंनी तिच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलं होतं, स्टीलच्या भांड्यांवर घालतात तसं: सोपान, कळंब, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे. चारही चाकांवर स्वतंत्रपणे. मला हसू आलं. "हसू नका. चाकं निराळी झाली तर?" ते म्हणाले. खुर्ची पट्ट्यावरून आत गेली, ती दिसेनाशी होईपर्यंत भाऊ मान उंच करून बघत राहिले.

विमानतळाच्या खुर्चीची चाकं इतकी लहान की हात पोचत नव्हते. मागे दांडी, दांडीला एक माणूस. भाऊंनी हात मांडीवर ठेवले. तेरा-चौदा वर्षांच्या ओळखीत त्यांचे हात असे रिकामे मी पाहिले नव्हते, मला ते बघवेना.

भाऊंचं सीट विमानाच्या दारालगतच, पहिल्या रांगेत होतं. खुर्ची तिथवर नेली आणि दोन धट्टेकट्टे कामगार आले. एकाने काखेत हात घातले, दुसऱ्याने गुडघ्यांखाली.

"थांबा," भाऊ म्हणाले. आवाज चढवला नव्हता, पण दोघंही थांबले. भाऊंनी कापडी पिशवीतून सागाची एक गुळगुळीत फळी काढली. मोटारीचंच वॉर्निश चढवलेलं होतं तिला. एक टोक खुर्चीवर, एक सीटवर ठेवलं, हातांवर भार घेतला आणि सर्रकन सरकून सीटवर जाऊन बसले. मग त्या दोघांना म्हणाले, "राग मानू नका, भाऊ. तुमचं काम तुमी केलं. पर आधी इचारत जावा."

मी मागे माझ्या जागी जाऊन बसलो. विमान सकाळचं होतं आणि पश्चिमेला चाललं होतं, त्यामुळे दिवस काही मावळेना. दोनेक तासांनी पडदा सरकवून पुढे गेलो. भाऊ मजेत होते. सीट खालीवर करून झाली होती. सीटच्या हाताला कान लावून तिच्या आतल्या मोटारीचा अंदाज घेऊन झाला होता.

"बारकी मोटार हाय, आक्रोडाएवढी. पर शेजारच्या शिटाचं गेअर कोरडं पडलंय. कुरकुरतंय. त्या बाईला सांगा, ग्रीस लावा म्हणावं."

गरम रुमाल आला होता, त्याने त्यांनी चष्मा पुसला होता. पायात विमानाचे मोजे. "माझ्या पायांना काय कळतंय? पर तिनं इतक्या मायेनं दिलं, न्हाई कसं म्हणायचं."

समोर पाण्याचा ग्लास भरलेला होता. रसाचाही. दोन्हींना हात लागला नव्हता. जेवणातली फक्त कोरडी पोळी खाल्लेली दिसली.

आणखी तीन तासांनी गेलो तेव्हाही ग्लास तसाच. पुन्हा गेलो तेव्हा तिथली हवाई सुंदरी मला आडवी आली. सुंदरी म्हणायची पद्धत. बाई पन्नाशीच्या आसपासच्या होत्या, कानाजवळची एक बट पिकलेली, नाकावर चष्मा. केरळकडच्या असाव्यात. "साहब ने कुछ भी नहीं पिया," त्या काळजीने म्हणाल्या. "इतने घंटे हो गये. तबियत बिगड़ेगी."

भाऊंचे ओठ फुटले होते. चेहरा उतरला होता. विमानातली हवा आधीच कोरडी, आणि हे इतके तास पाण्याशिवाय. मला काळजी वाटली, आणि काळजी वाटली की मला राग येतो.

"भाऊ, आक्काच्या घरचं पाणी विहिरीमुळं पीत नाही, ते एक समजलं," मी म्हणालो. "या विमानानं तुमचं काय वाकडं केलंय?"

भाऊंनी मान वळवली. "कंच्या इहिरीमुळं?"

"तुम्ही पडलात त्या."

"इहिरीचा काय संबंध?"

मला वाटलं, पांघरूण घालतायत. मी सगळं सांगून टाकलं. आक्का काय म्हणाली ते, मंचरची बाटली, दाजी रानात का जातात ते. भाऊ ऐकत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग जात होता. मग अगदी हळू म्हणाले, "सर, पाणी पिलं की मोरीवर जावं लागतं."

मला लगेच कळलं नाही.

"घरी माझी सोय हाय. कठडं हायती, उंच बैठक हाय. कुणाचा हात लागत न्हाई. भाईर कुठं जाऊ? आक्काकडं पायऱ्या हायती, खाली बसायचं हाय. कुणीतरी उचलून न्यायाचं, धरून ठिवायाचं, माझं धोतर..." ते थांबले. "लाज वाटती ओ. म्हून निघायच्या आदल्या दिसापास्नं पाणी बंद करतो. लगनात बी, दवाखान्यात बी, हितं बी. सगळीकडं."

आम्ही सगळे शहाणे. शिक्षक, सरपंच, नातेवाईक. ताठ म्हणत होतो त्यांना. घराबाहेर पडल्यावर हा माणूस जातो कुठे, हा साधा प्रश्न चौदा वर्षांत आमच्यापैकी एकालाही पडला नव्हता. पुढे वहिनींना मी विचारलं तर त्या म्हणाल्या, "मला ठावं व्हतं की. पर नवऱ्याचं आसलं नणंदंला कसं सांगायचं?"

मी भाऊंना म्हणालो, "तुमच्या दुकानात पाटी कसली आहे?"

त्यांच्या ओठांच्या कडेला थोडं हसू आलं.

मी त्या बाईंना बाजूला घेऊन मोडक्या हिंदीत सांगितलं. त्या गेल्या, एक कपाट उघडलं आणि घडी घातलेली एक अरुंद खुर्ची काढून आणली. विमानाच्या बोळातून जाईल एवढीच. ती भाऊंसमोर उलगडून ठेवली. मग संडासाचं दार उघडून दाखवलं. आतली एक भिंत सरकत होती, ती सरकवली की दोन माणसांपुरती जागा होई. आत दांड्याही होत्या.

भाऊंनी खुर्ची तपासली. चाकं फिरवून पाहिली, पट्टे ओढून पाहिले. पाठीमागे दांडी होती. ही खुर्ची हातांनी चालवायची नव्हतीच. दुसऱ्याने ढकलल्याशिवाय ती हलणार नव्हती. भाऊ त्या दांडीकडे बघत राहिले.

बाई त्यांच्या शेजारी गुडघ्यांवर बसल्या आणि म्हणाल्या, "मैं पकड़ूँ? आप बोलेंगे तो ही पकड़ूँगी."

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "सर, ही बाई आधी इचारती." मग समोरचा ग्लास उचलला आणि एका दमात संपवला. दुसरा मागितला. तिसराही. रसाचा प्यायले. त्यानंतर तासाभराने फळीवरून त्या खुर्चीत सरकले. बाईंनी त्यांना दारापर्यंत नेलं, आत दांड्यांना धरून बाकीचं भाऊंनी स्वतः केलं. परत आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं, केस ओल्या हाताने बसवलेले होते.

मी निघायला लागलो तर त्यांनी माझा हात धरला. "चौदा वर्सं तिला वाटत व्हतं मी पाणी तोडलं म्हून? माज्या आक्काला?" आणि ते रडायला लागले. त्या महागड्या सीटवर, पायात विमानाचे मोजे घालून, लहान पोरासारखे. मी उभाच होतो. बाईंनी पडदा ओढून घेतला.

"उतरल्यावर फोन करा तिला," मी म्हणालो.

"फोनवर पाणी पिता येत न्हाई, सर."

अमेरिकेतलं फारसं सांगण्यासारखं नाही. भाऊंनी नातवाला मांडीवर घेऊन खुर्चीत अख्ख्या गल्लीच्या चकरा मारल्या आणि मुलीच्या घरातलं कपडे धुण्याचं यंत्र उघडून परत जोडलं. परत येताना मी बरोबर नव्हतो. वहिनी होत्या, आणि भाऊ सगळ्या रस्ताभर पाणी पीत आले, असं त्यांनी सांगितलं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी भाऊंची स्कूटर माझ्या दारात. भाऊबीजेला अजून दोन महिने होते. "चला सर. निरगुडसर."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी कणसात आली होती. आक्काच्या अंगणात स्कूटर थांबली. या वेळी दाजींना रानात जायला वेळ मिळाला नाही. ते गोठ्यापाशी वैरण तोडत होते. त्यांनी आमच्याकडे पाठ केली आणि तोडत राहिले. भाऊंनी मागची खुर्ची सोडायला मला सांगितलं. फळी काढली आणि खुर्चीत उतरले. त्या अंगणात त्यांची खुर्ची पहिल्यांदाच टेकली.

आक्का बाहेर आली. आज कुठला सण, असं तिच्या तोंडावर होतं. सवयीने ती तांब्या घेऊन आली, आणि परत घ्यायला हात पुढे करूनच उभी राहिली.

भाऊंनी तांब्या तोंडाला लावला. गटागटा आवाज होत होता. पाणी हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळलं. त्यांनी तांब्या रिकामा केला, उपडा करून दाखवला आणि म्हणाले, "आजून आण."

आक्का जागची हलली नाही. मग मटकन खालीच बसली. गोठ्यापाशी विळ्याचा आवाज थांबला होता.

"आक्के, इहिरीवर माजा राग न्हाई. तुज्यावर न्हाई, दाजींवर न्हाई," भाऊ म्हणाले. मग लाजत, अडखळत, मला विमानात सांगितलं ते तिला सांगितलं. आक्का हुंदके देत हसायला लागली. "आरं मुडद्या, मी तुजं ढुंगण धुतलंय! मला सांगायची लाज?"

दाजी हळूहळू पुढे आले होते. त्यांचे केस पार पांढरे झालेले मी तेव्हाच पाहिले. "सोपाना," ते खाली बघत म्हणाले, "त्या दिशी दोर माज्या हातनं..."

"दोर माजा व्हता, दाजी. मीच आणला व्हता. चिरलेला व्हता. सकाळीच बघितला व्हता मी. म्हणलं, आजच्या दिस चालंल." भाऊंनी दाजींकडे पाहिलं. "तुमच्या हातनं न्हाई सुटला. तुटला त्यो. हे मी तवाच बोलाया पायजे व्हतं."

मला त्या क्षणी भाऊंचा राग आला. एवढं एक वाक्य, आणि दाजी चौदा वर्षं रानात पळत होते. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि राग टिकला नाही. दाजींनी नुसता डोक्यावरचा टॉवेल काढला आणि तोंड पुसलं.

भाऊ त्यानंतर आणखी काही वर्षं होते. दुकान चालू होतं, पाटी होती, मी कितीदा तरी त्यांच्याकडे बसलो. आता ते नाहीत, आणि त्यांची आठवण आली की डोळ्यांपुढे येतो तो त्या दुपारचा शेवट.

जेवणं झाली होती. भाकरी, पिठलं, वर तीन तांबे पाणी. भाऊ थोडे अस्वस्थ झाले, खुर्चीत जरा सावरून बसले. परसात संडास होता, त्याला दोन पायऱ्या, आत धरायला काही नाही. मी उठायला लागलो. भाऊंनी मला हातानेच थांबवलं.

"दाजी," ते म्हणाले, "मला न्यावं लागंल आता."

दाजी उठले. खुर्चीजवळ आले. दोन्ही हात पुढे केले आणि तसेच थांबले. त्यांनी विचारलं, "कुठं धरू?"

"कुठंबी धरा," भाऊ म्हणाले.

दाजींनी त्यांना पाठीवर घेतलं. भाऊंनी त्यांच्या गळ्याभोवती हात टाकले आणि गाल त्या पांढऱ्या केसांना टेकवला. सावकाश पावलं टाकत दोघं घराच्या कोपऱ्याआड गेले. अंगणात रिकामी खुर्ची उभी होती. आक्काने तांब्या उचलला आणि पाणी भरायला आत गेली.